कुठूनबाई

बाईंची आणि माझी ओळख अपमानानं झाली. नवीन माणसाला चार गोष्टी कळाव्यात, या शुद्ध हेतूनं मी पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं, "आमचे प्रिन्सिपल भारी खडूस आहेत हां, जरा जपून." बाईंनी डब्यातून मान वर न काढता विचारलं, "कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"कुठून बघितलंत तुम्ही? स्टाफरूममधून, की त्यांच्या केबिनमधून, की ते घरी नातीला भरवत असतात तिथून?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी मराठी शिकवते. शब्दाला शब्द लावणं हा माझा धंदा. पण हा 'कुठून' माझ्या कुठल्याच व्याकरणात बसेना, आणि बाई आपल्या निवांत वालाचं बिरडं खात राहिल्या. वर मलाच विचारतात, "तुम्हाला हवंय का थोडं?" मी रागानं नाही म्हटलं आणि नंतर पस्तावले, कारण वास फार छान येत होता.

पोरांनी त्यांचं नाव कुठूनबाई पाडलं ते उगीच नाही. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. आमची शाळा आणि ज्युनियर कॉलेज एकत्रच, रेवदंड्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी एका कोळीगावात. बाई तिथं फिजिक्स शिकवायच्या. पोर म्हणालं, "बाई, गणित कठीण हाय," की "कुठून?" शिपाई म्हणाला, "आज लय उकडतंय," की "कुठून?" त्या बिचाऱ्यानं एकदा वैतागून "बगलेतून" असं उत्तर दिलं, तर बाई एवढ्या खूश झाल्या की त्याला चहा पाजला. म्हणाल्या, "या शाळेत नीट उत्तर देणारा हा पहिला माणूस."

आम्ही दोघी अलिबागहून शेअर रिक्षानं जायचो-यायचो. बाई एका जागेवर दोन दिवस बसल्यात असं कधी झालं नाही. आज उजव्या अंगाला, उद्या डाव्या, परवा ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर. "तोच रस्ता आहे हो," मी म्हणायचे. "तोच कसा?" त्या म्हणायच्या. "उजवीकडून बघितलं तर सगळी नारळी-पोफळीची वाडी. डावीकडून बघितलं तर सगळी बंगल्यांची बांधकामं. तुम्ही रोज उजवीकडे बसता, म्हणून कोकण सुखात आहे असं तुम्हाला वाटतं." रिक्षावाला फिदीफिदी हसला. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम डावीकडे बसले आणि घरी येईपर्यंत माझं डोकं दुखत होतं.

मासळीबाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. पापलेट उचलायच्या, नाकासमोर धरायच्या, मग आडवं करायच्या, मग उलटं. "बघा," मला म्हणायच्या, "समोरून नुसती रेघ. बाजूनं केवढं ताट! कुणी आयुष्यभर समोरूनच पापलेट बघितलं असतं, तर त्याला रेघमासा म्हटलं असतं की नाही?" कोळीण कंटाळून गेली. "ओ मॅडम, मासा हाय तो, नवरा न्हाय. किती फिरवून बगताव?"

"म्हणून तर नवरा केला नाही मावशी. फिरवून बघू देईना कुणी."

ती कोळीण एवढी हसली की एक पापलेट वर घातलं.

हे सगळं वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. बाईंचा जीव आकाशातल्या एका भलत्याच गोष्टीत अडकला होता. आपली आकाशगंगा जशी, तशा लाखो, करोडो दीर्घिका आहेत म्हणे. बहुतेकींच्या पोटात एकेक प्रचंड कृष्णविवर असतं. काहींचं निजलेलं, काहींचं जागं. जे जागं असतं, ते भोवतालचं गिळता गिळता दोन बाजूंना दोन झोत फेकतं, आणि ते झोत दीर्घिकेच्याही बाहेर कुठच्या कुठे पोचतात. आता गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी आधी यांना वेगवेगळी नावं दिली. कुणी रेडिओ दीर्घिका, कुणी क्वेसार, कुणी ब्लेझार. जणू तीन वेगळ्या जाती. आणि मग बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की बऱ्याचदा वस्तू एकच आहे. आपण कुठून बघतोय तेवढा फरक.

हे मला त्यांनी भर दुपारी स्टाफरूममध्ये शिकवलं. त्यांच्या पर्समध्ये कायम एक बॅटरी असायची. ती त्यांनी माझ्या डोळ्यांवर मारली.

"अहो, काय हे!"

"काय दिसलं?"

"काय दिसणार? डोळे दिपले! नुसता उजेड."

"हा ब्लेझार. झोत थेट आपल्या तोंडावर." मग बॅटरी आडवी धरली. "आता?"

"आता तुमची बॅटरी दिसते. आणि तुमचा हात."

"ही रेडिओ दीर्घिका. झोत आडवे, दोन्हीकडचे दिसतात." मग जराशी तिरकी केली. "आणि हा क्वेसार. बॅटरी बदलली का?"

"नाही."

"मग नावं का बदलली?"

मी डोळे चोळत बसले. खरं सांगू? बी.ए.ला, एम.ए.ला मला इतकं स्वच्छ कुणी काही शिकवलं नव्हतं.

संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद होते. गोड बोलणारे, खोल खणणारे. ते एकदा तपासणीला आले आणि चहाचा कप हातात फिरवत बाईंना म्हणाले, "आडनावावरून काही अंदाज येत नाही हो मॅडम. म्हणजे तुम्ही मूळच्या...?" स्टाफरूममधल्या माना वह्यांत गेल्या. या प्रश्नाचा अर्थ न कळणारं तिथं कुणीच नव्हतं. बाईंनी आपला कप खाली ठेवला. "सांगते ना सर. एका बाजूनं बघितलंत तर मी माणगावकडची. एका बाजूनं एसटी कंडक्टरची मुलगी. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्या बाजूनं बघितलंत तर बौद्ध. एका बाजूनं फिजिक्सची एम.एस्सी., पहिला वर्ग. आणि थेट समोरून बघाल, तर डोळे दिपतील."

सभासदांनी चहा अर्धा टाकला. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन चार माणसांना ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी माझीच मान ताठ होत गेली.

तर या बाईंनी शाळेत एक उद्योग सुरू केला. पुण्याकडच्या काही खगोलशास्त्रज्ञांनी रेडिओ दुर्बिणीची चित्रं सगळ्यांसाठी खुली केली होती. चित्रं इतकी, की त्यांच्यानं सगळी बघून होईनात. ज्याला हौस असेल त्यानं बघावं आणि कळवावं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई बारावीच्या पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवायच्या. पोरं सगळी कोळ्या-आगऱ्यांची. मासळी निवडायची सवय बोटांत. ढीग आला की कोळंबी एकीकडे, मांदेली एकीकडे, बारीकसारीक तिसरीकडे. बाई म्हणाल्या, "हेच करायचं. फक्त वास येणार नाही."

निवडायची रीतही त्यांनी सोपी करून दिली. चित्राचा कागद घ्यायचा, जाळं विणायचा दोरा घ्यायचा. सबंध पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचा. मग दोन सगळ्यांत उजळ ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. ते सबंध लांबीच्या निम्म्याहून कमी भरलं, म्हणजे उजेड मधे आहे आणि झोत टोकाकडे विझत गेलेत, तर पहिला वर्ग. निम्म्याहून जास्त भरलं, म्हणजे बाहेरच्या टोकांनाच झगझगाट, तर दुसरा वर्ग. आणि नाव देण्याआधी घर शोधायचं. दोन झोतांच्या, म्हणजे दोन हातांच्या, मधे ते फेकणारी दीर्घिका साध्या प्रकाशाच्या चित्रात दिसली पाहिजे. "घर सापडल्याशिवाय हात मोजायचे नाहीत," हे त्यांचं पालुपद. माझी मराठीची पोरं निबंधात लिहायला लागली, घर सापडल्याशिवाय हात मोजू नयेत. मी लाल पेननं काय खोडणार?

त्या वर्गात निकिता होती. तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याचा शब्द बोटीवर शेवटचा. घरातही तसाच. बारावी झाली की बास, मुरुडला दोन बोटींचं घर बघून ठेवलंय, असं त्यानं जाहीर केलं होतं. पोरगी हुशार, पण बोलायला कमी. पुण्याला जाऊन पुढचं शिकायचं तिच्या मनात होतं, ते तिनं फक्त बाईंना सांगितलं होतं, आणि बाईंनी फक्त मला.

एका शनिवारी निकिताच्या वाटणीला एक चित्र आलं. एकमेकांपासून खूप लांब दोन ठिपके, मधे सगळा काळोख. आणि त्या काळोखाच्या बरोबर मधोमध साध्या चित्रात एक फिकट दीर्घिका. पोरांनी गलका केला. बंदरावरून बघितलं की एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला दिवा, मधे काळोख, म्हणजे एकच मोठी बोट, हे त्यांना पाळण्यातून माहीत. "येकच हाय! लय मोटी हाय!" दोन टोकं एवढी लांब असून एकच असेल, तर ती नेहमीच्या कितीतरी पट मोठी, राक्षसी दीर्घिका. अशा फार थोड्या असतात. बाईंचा चेहरा मी पाहिला. लहान मुलाला जत्रेत सोडावं तसा झाला होता. त्यांनी लगेच पुण्याला कळवून टाकलं. चित्र निकिताचं, म्हणून शोध निकिताच्या नावावर.

पुण्याहून उत्तर आलं, "रोचक दिसतंय, बघतो." एवढंच. पण गावात 'बघतो'चं 'सापडली' व्हायला किती वेळ लागतो? सरपंचांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. 'गावच्या कन्येची अंतराळात भरारी.' सरपंच केवढे, उपसरपंच केवढे, आणि निकिता कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. खाली नेटवरून काढलेली एक दीर्घिका, छान गरगरीत, आणि तिला झोत नव्हतेच! बाईंना त्याचंच जास्त लागलं. "अहो, ही शांत दीर्घिका आहे, हिचा काय संबंध?" म्हणून त्या नाक्यावर उभ्या राहून तावातावानं भांडल्या.

पण त्या फ्लेक्सनं एक काम केलं. तांडेल नाक्यावर गेला, बराच वेळ बोर्डाकडे बघत उभा राहिला, आणि घरी येऊन म्हणाला, "जाऊं दे पोरीला पुन्याला." मुरुडच्या घरी निरोप गेला. निकिता शाळेत आली ती अशी, की मला वाटलं हिला कुणीतरी नवीन डोळे बसवलेत.

सत्काराचा दिवस ठरला. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. तोंडावरचा रंग उडालेला. दुसऱ्या एका दुर्बिणीची जास्त स्पष्ट चित्रं खुली झाली होती, ती त्यांनी काढून बघितली होती.

"एक नाहीये," त्या म्हणाल्या. "दोन आहेत. त्या ठिपक्याच्या पोटात त्याची दीर्घिका, ह्याच्या पोटात ह्याची. एकमेकींशी संबंध नाही. मधली फिकट तिसरीच कुणीतरी, वाटेत उभी. आणि निकिता पहिल्याच दिवशी बोलली होती. 'बाई, दुसऱ्या वर्गाची असंल तर उजेड भायेरच्या टोकाला पायजे ना? ह्या दोन ठिपक्यांचा तर आपापल्या मधी हाय.' पोरं तिच्यावर ओरडली. आणि मी पण ऐकलं नाही. मला मोठी हवी होती हो."

दीर्घिकांचं मला काय? माझ्या डोळ्यांसमोर मुरुडचं घर आलं. मी म्हटलं, "गप्प बसा. सत्कार होऊ दे, पोरीची ॲडमिशन होऊ दे, मग सांगा जगाला. इतकी वर्षं तिथं आहेत त्या दोघी, कुठं पळून जातात?"

"चूक आहे ती."

"असू दे! कुणाचं काय बिघडतंय?"

"कुठून?" त्या सवयीनं म्हणाल्या.

मग मात्र माझा पारा चढला. "त्या पोरीच्या घरातून! तिथून बघितलंयस कधी? तू उद्या खरं बोलशील, तुझा पगार चालू राहील, आणि ती जाईल मुरुडला दोन बोटींवर!" रागाच्या भरात मी अहोचं अगं केलं, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

घंटा झाली, बाई उठून तासाला गेल्या. शाळा सुटल्यावर मात्र म्हणाल्या, "चल. म्हणालीस ना, तिथून बघ म्हणून? बघून येऊ." आणि आम्ही दोघी बंदरावर निकिताच्या घरी गेलो.

अंगणात बोंबील वाळत होते. तांडेल जाळं शिवत बसला होता. निकिताच्या आईनं खुर्च्या आणल्या, सरबत आणलं, पाहुण्यांचा मान सगळा केला. मला तिच्याकडे बघवेना. बाईंनी सरबताला हात लावण्याआधी सगळं सांगितलं. एक नाही, दोन आहेत. बोर्डावरचं खोटं आहे. "निकितानं तेव्हाच नाही म्हटलं होतं. चूक तिची नाही, माझी आहे. तिला मी गप्प केलं. मी सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

निकिता दाराला टेकून उभी होती. तिनं ओठ दातांखाली धरला होता.

तांडेलाची सुई थांबली. "मंग तिचा नाव न्हाय लागनार?"

"नाही."

"आन बोर्ड?"

"उतरवावा लागेल."

तो पुन्हा जाळं शिवायला लागला. सुईतला दोरा संपला तेव्हा म्हणाला, "सत्काराला येतो मी." बस्स. हो नाही, नाही नाही. परतताना बाई रिक्षात जी जागा मिळाली तिथंच बसल्या.

सत्काराला हॉल गच्च भरला. पुढे संस्थेची माणसं, मागे बंदरावरचे लोक, निकिता पहिल्या रांगेत नवीन ड्रेसमध्ये, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. सरपंच शाल-नारळ घेऊन उभेच राहिले होते. बाई माइकपाशी गेल्या आणि एका दमात सगळं सांगितलं, कुठेही आडपडदा न ठेवता. वर्गात काय झालं, पोरगी काय म्हणाली, आपण का ऐकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "राक्षसी दीर्घिका नाहीच. पण माझ्या वर्गात एकच माणूस निघाला, ज्यानं मोठ्या बातमीला भुलून नाव दिलं नाही. तो मी नव्हे. ती निकिता आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मधल्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "मंग सत्कार कसला करताव?" हशा झाला. निकितानं मान खाली घातली. मला त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पण मी शिक्षिका आहे.

तेवढ्यात मागून तांडेल उठला. हा माणूस ग्रामसभेत कधी तोंड उघडत नसे. तो सरळ चालत पुढे आला, स्टेजवर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"बोर्ड उतरवा," तो म्हणाला. "पन पोर पुन्याला जाते हाय." मग तो लोकांकडे वळला. "आख्खा वर्ग व्हय बोलत व्हता, तवा ही येकटी न्हाय बोलली. त्या दिवशी माज्या बोटीवर मला न्हाय बोलनारा येक जरी असता, तर माजा भाऊस आज हितं बसला असता."

वादळाची चिन्हं असताना त्यानं बोट बाहेर काढली होती, बोटीवर त्याच्यापुढे बोलायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि धाकटा भाऊ परत आला नव्हता. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं बाईंकडे बघून हात जोडले. मग सरपंचांना म्हणाला, "घाला आता शाल. कवापास्नं हातात धरून उभे हाव."

हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. शाल निकिताच्या खांद्यावर पडली. बाई माइकपाशी तशाच उभ्या, गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायचं भान नाही. शेजारी बसलेल्या बाहेरगावच्या गृहस्थांनी मला विचारलं, "कोण हो या मॅडम?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण आहे." आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं, "माझी मैत्रीण!"